उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत

विमानाचे वेळापत्रक वाचले की मन हरखून जाते. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळापासून मुंबई सरळ रेषेत सुमारे २८० किलोमीटर; उड्डाणाची वेळ तासाभराची. नांदेडहून हैदराबाद सुमारे २४५ किलोमीटर. तिथेही तेवढाच वेळ. मुंबईचे पाहुणे म्हणतात, "आता मराठवाडा काही लांब राहिला नाही!" यावर बीडचा माणूस नुसता हसतो. तो तास सुरू होण्यापूर्वीच त्याचा निम्मा दिवस सरलेला असतो.

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला आकडे स्वस्थ बसू देत नाहीत. जेट विमान ताशी ८०० किलोमीटर जाते म्हणतात. त्रैराशिक मांडले तर मुंबईला २१ मिनिटे पुरावीत. मग तास कशाला? विमान आधी धावपट्टीपर्यंत रांगत जाते, मग वर चढते आणि पुरता वेग घेते न घेते तोच त्याला उतरणीला लागावे लागते. मुंबईच्या आकाशात गर्दी असली तर घिरट्या आल्याच. म्हणून जवळच्या पल्ल्यावर ताशी ५०० किलोमीटरने जाणारे पंख्याचे विमानही जेटच्या फारसे मागे राहत नाही.

आता बीडचा जमाखर्च मांडू. जिल्ह्याला स्वतःचे प्रवासी विमानतळ नाही. बीडहून चिकलठाणा सुमारे सव्वाशे किलोमीटर, म्हणजे अडीच तास. उड्डाणाआधी दीड तास. विमानाचा एक. मुंबईत उतरल्यावर सामान, टॅक्सी, रस्त्यावरची कोंडी धरून आणखी दीड. बेरीज साडेसहा तास! मोटारीने थेट मुंबई सुमारे ४०० किलोमीटर, साधारण आठ तास. एवढा खटाटोप करून वाचला दीड तास. परळीकराला चिकलठाण्यापेक्षा नांदेड जवळ. पण बेरजेची रीत तीच.

२७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेतली पहिली विमाने सुटली, त्यात नांदेड–हैदराबादचेही होते. तासाभराच्या उड्डाणाला काही जागांसाठी २५०० रुपयांची मर्यादा होती. मराठवाड्याला त्याचे अप्रूप वाटले. पण छोट्या मार्गांवरची विमाने सुरू होतात तशी थांबतातही. नांदेडची सेवा मध्यंतरी खंडित झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी, हे बरे.

सहलीला जाताना दोन तास इकडचे तिकडे झाले तर बिघडत नाही. पण घरात कोणी गेले की हाच हिशेब जिवाला लागतो. मुंबईचा मुलगा सकाळच्या विमानाने निघतो. गावाकडे भावकी म्हणते, "तासाभराचं तर विमान, बारापर्यंत येईल," आणि माती बाराची ठरते. बारा वाजता तो पाचोडच्या पुढे, गेवराईच्या अलीकडे असतो. घाई कोणीच केलेली नसते. फक्त रस्त्याचे तास कोणी मोजलेले नसतात. बापाचे तोंड मात्र त्याला दिसत नाही.

अहिल्यानगर–बीड–परळी रेल्वेला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरकडे गाडी सुटली. तीस वर्षांची वाट! ही गाडी विमानाच्या वेगाची नव्हे, तरी स्थानकावर माणसे लोटली. प्रवास आपल्या गावातून सुरू होतो, याचेच ते कौतुक होते.

उद्या बीडला धावपट्टी झाली तर आनंदच आहे. तोवर घरोघरी एवढे करावे : बाहेरगावच्या मुलाला 'विमान कितीचे?' एवढेच न विचारता 'उंबरठ्यात पाय कधी पडेल?' असे विचारावे. तो सांगेल त्यात तासभर मिळवावा, आणि मगच पुढची वेळ ठरवावी.