आखाती नोकरी : एजंट धरावा की आपणच धडपड करावी?

जुम्म्याच्या नमाजनंतर कामशेतचे एक गादीवाले गृहस्थ लोणावळ्याच्या आमच्या दुकानात आले. सोबत मुलगा होता. मुलगा आयटीआय झालेला, एसी-फ्रिजचा मेकॅनिक. खंडाळ्याच्या हॉटेलांत आणि तुंगार्लीच्या बंगल्यांत त्याचे काम बरे चालते. त्याला दुबईची नोकरी लागली होती, निदान घरात सर्वांची तशी समजूत होती. पगार १,५०० दिरहम, राहणे कंपनीचे. ज्याने ही नोकरी आणली त्या एजंटाने १,४०,००० रुपये मागितले होते, पैकी ४०,००० पंधरा दिवसांत. म्हणजे जवळजवळ चार महिन्यांचा पगार आधीच द्यायचा. वडिलांनी कापूस पिंजण्याचे यंत्र विकायला काढले होते.

"भाईसाहेब," ते म्हणाले, "एवढे पैसे नेमके कशाचे? हे कागद आपल्याला स्वतः करता येणार नाहीत का?"

हा प्रश्न मावळात आता बऱ्याच घरांत आहे. आपल्याकडचा रोजगार सीझनवर चालतो. पावसाळी गर्दी आणि सुट्ट्या असतील तोवर कारागिराला उसंत नसते. २०२० साली सारे बंद पडले तेव्हा महिनेच्या महिने कोणी हाक मारली नाही. कारखान्याची नोकरी तरी कुठे कायमची? तळेगावच्या जनरल मोटर्समधील गाड्यांचे उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले, हे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा तरुणांची नजर बाहेर गेली तर त्यांना दोष देता येत नाही.

मात्र घाटाखालचा आणि घाटावरचा फरक लक्षात घ्या. रायगड-रत्नागिरीच्या कोकणी मुसलमानांच्या घरांतून आखातात जाणे आता दोन-तीन पिढ्यांचे झाले. तिथल्या पोराच्या हाती व्हिसाचा कागद आला की घरातलाच मामा किंवा चाचा तो पाहतो आणि कंपनी कशी आहे हे फोन करून विचारतो. आपल्याकडे हे जाणते माणूस घरात नसते. त्याची जागा एजंट घेतो, आणि तोच विकणाराही असतो. खोड नेमकी इथे आहे.

आता गादीवाल्यांच्या प्रश्नाकडे येऊ. पैसे कशाचे?

भारतातून परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करण्याचे काम १९८३च्या एमिग्रेशन कायद्याखाली येते. केंद्र सरकारकडे नोंदणी केल्याशिवाय कोणालाही ही भरती करता येत नाही. केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मोठ्या भरती एजंटाला नोंदणीसाठी ५० लाख रुपयांची बँक हमी द्यावी लागते. कामगाराकडून त्याने जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घ्यायचे आणि त्याची पावती द्यायची, असा नियम आहे. मालकाच्या बाजूचा कायदाही पाहा. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१च्या कामगार कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करता येत नाही. सौदीच्या कायद्यातही भरती, इकामा आणि वर्क परमिटची फी मालकाच्या माथी आहे. मग "व्हिसाचे पैसे" म्हणून जे लाख-दीड लाख सांगितले जातात ते व्हिसाचे नसतात. ते मधल्या हातांचे असतात. तळेगावचा माणूस पुण्याच्या माणसाला देतो, तो मुंबईच्या कचेरीला, आणि प्रत्येक हाताला काही चिकटते. यांतले बहुतेक लोक सब-एजंट. कायदा त्यांना ओळखतच नाही, त्यामुळे उद्या त्यांच्यावर दावा लावायचा तर हाती धागा राहत नाही.

खुद्द कागदांचा खर्च किती, तेही सांगतो. ३६ पानी पासपोर्ट १,५०० रुपयांत होतो, अर्ज घरून भरता येतो आणि पुण्यात मुंढव्याच्या सेवा केंद्रावर जाऊन यायचे. मेडिकल आखाती देशांनी ठरवून दिलेल्या केंद्रातच करावी लागते. विमा, ज्याला प्रवासी भारतीय बीमा योजना म्हणतात, दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये अधिक कर, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाखांचे संरक्षण. या कुठल्याच कामाला वकील लागत नाही की दलाल. लोणावळ्याहून सकाळची लोकल धरून पुण्याला जाणारा कोणताही दहावी पास मुलगा हे करू शकतो.

यापुढे मात्र घरोघर वेगळे उत्तर आहे, आणि ते पासपोर्टावर अवलंबून आहे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर ईसीआर असे छापलेले असते. असा माणूस आखातातील सहा देश, मलेशिया, जॉर्डन वगैरे १८ देशांत नोकरीसाठी निघाला तर त्याला उत्प्रवासी संरक्षकाची, म्हणजे लोक ज्याला पीओई म्हणतात त्या कचेरीची, मंजुरी लागते. ती सरकारच्या ई-मायग्रेट यंत्रणेतून मिळते आणि परदेशी मालकाचीही तिथे नोंदणी असावी लागते. दुबईतला छोटा वर्कशॉपवाला एका सुतारासाठी ही यातायात करील असे सहसा होत नाही. म्हणून ईसीआर पासपोर्टवाल्याला नोंदणीकृत एजंट बहुधा लागतोच, आणि त्याचे ३५,४०० रुपये वाया गेले असे मी म्हणणार नाही. मालकाचे मागणीपत्र, करार आणि पगार यंत्रणेत नोंदलेले राहतात. पुढे पगार थकला तर वकिलातीसमोर ठेवायला काहीतरी असते. २०१६ साली सौदीत मोठ्या कंपन्या बसल्या, जेद्दाहकडे हजारो भारतीय कामगार पगाराविना आणि अन्नाविना अडकले. तेव्हा ज्याच्याकडे कागद होता त्याला आपला हिशेब मांडता आला.

दहावी पास, आयटीआयचा दोन वर्षांचा मान्यताप्राप्त कोर्स केलेले, आयकर भरणारे, पन्नाशी ओलांडलेले आणि परदेशात तीन वर्षांहून अधिक राहून आलेले, या सर्वांना ही मंजुरी लागत नाही. आपल्यातले किती तरी कारागीर दहावी होऊनही ईसीआर पासपोर्ट बाळगतात, कारण अर्जाच्या वेळी सर्टिफिकेट जोडले नव्हते. ते जोडून पासपोर्ट पुन्हा काढून घ्यावा. पण ही मोकळीक दुधारी आहे. मंजुरी नाही म्हणजे निघण्यापूर्वी तुमचा करार कोणी तपासतही नाही. सगा मामा शारजात स्वतःचे दुकान चालवतो आणि तोच बोलावतो आहे, तर एजंटाला एक पैसाही द्यायचे कारण नाही. मालक अनोळखी असेल तर मात्र मंजुरी लागो न लागो, नोंदणीकृत माणसामार्फत जाणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. ३५,४०० रुपयांत आपण व्हिसा विकत घेत नाही. ज्याला जबाबदार धरता येईल असा एक माणूस विकत घेतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०११ साली माझा मामेभाऊ फिटर म्हणून निघाला. पैसे घेणारा ओळखीचा, नमाजी, बोलायला गोड. पासपोर्ट चार महिने त्याच्याच कपाटात. तिथे उतरल्यावर दुसऱ्याच करारावर सही घेतली, काम साफसफाईचे आणि पगार ठरल्याच्या निम्मा. परत आला तेव्हा मामींच्या बांगड्या सावकाराकडे होत्या आणि त्यावर सूद चढत होते. त्या गृहस्थाकडे पावती मागायला आम्हालाच संकोच वाटला होता. ज्या उम्मतीला सूरह बकराच्या २८२व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायचा हुकूम आहे, आणि जी कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे, ती उम्मत पावती मागायला लाजते! पासपोर्टही भारत सरकारची मालमत्ता आहे. कुणाला गहाण म्हणून ठेवायला देण्याची ती वस्तू नव्हे.

असो. गादीवाल्यांच्या मुलाचा मोबाइल घेतला आणि ती "व्हिसाची कॉपी" पाहिली. तो साठ दिवसांचा व्हिजिट व्हिसा होता. त्यावर काम करणे अमिरातीत गुन्हा आहे. नोकरीचा रस्ता निराळा असतो. आधी कंपनीचा ऑफर लेटर येतो, तो तिथल्या कामगार खात्याच्या नमुन्यात असतो, कामगाराला समजावा म्हणून अरबी-इंग्रजीबरोबर हिंदी, उर्दूतही मिळू शकतो, आणि त्यावर सही झाल्यावर नोकरीचा एंट्री परमिट निघतो. मुलाच्या हाती असा कुठलाच कागद नव्हता. "तिकडे पोहोचल्यावर बदलून देतात," असे त्याला सांगितले होते. थायलंडला डेटा एंट्रीची नोकरी म्हणून नेलेली भारतीय मुले २०२२ साली म्यानमारच्या फसवणूक अड्ड्यांत सापडली, त्यांनाही आधी असेच काहीसे सांगितले गेले होते.

आम्ही तिथूनच त्या एजंटाला फोन लावला. दोनच गोष्टी विचारल्या. तुमचा ई-मायग्रेटवरचा नोंदणी क्रमांक काय, आणि चाळीस हजारांची पावती कोणत्या नावाने मिळेल? पहिल्या प्रश्नाला "मुंबईच्या साहेबांकडे आहे" असे उत्तर आले. दुसऱ्यावर, "चाचा, आपल्यात पावती कशाला?" मग फोन कट झाला.

वडील बराच वेळ गप्प होते. मुलगा नाराज झाला, ते साहजिक आहे. मित्रांना त्याने सांगून टाकले होते. पण पासपोर्ट अजून त्याच्याच खिशात होता आणि यंत्रही विकले गेले नव्हते. आयटीआयच्या सर्टिफिकेटवर पासपोर्ट ईसीएनआर करून घ्यायचे ठरले. एसी मेकॅनिकला सौदीतही मागणी आहे. मात्र प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, एसी-रेफ्रिजरेशन आणि गाड्यांचा इलेक्ट्रिशियन यांसारख्या कामांसाठी तिथे जाण्यापूर्वी भारतातच कौशल्याची परीक्षा द्यावी लागते. ती पास होऊन हाती असलेला दाखला कुठल्याही एजंटाच्या शिफारशीपेक्षा जास्त बोलतो. मुलगा म्हणाला, गॅस चार्जिंग येते, पण वायरिंगचा नकाशा वाचणे कच्चे आहे. तेवढ्यासाठी तो पुढच्या सोमवारपासून दुकानात येणार आहे.