बागेतला मोती आणि खताची पिशवी



होळी जवळ आली की आपल्या सुरतेतली जेमतेम थंडी काढता पाय घेते. भेंडी, गवार, काकडी, दुधी लावायचे हेच दिवस. गच्चीवर किंवा अंगणात आपण कुंड्या रिकाम्या करतो, माती उन्हात तापवतो, खत मिसळतो. आणि नेमका तेव्हाच घरातला मोती मध्ये मध्ये लुडबुडतो. संध्याकाळी लावलेली कुंडी सकाळी उकरलेली दिसली की घरात आरडाओरडा ठरलेला!

पण मोती असे का करतो? कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. म्हणून ऊन वाढले की ओल्या मातीत खड्डा करून बसणे त्याला सुखाचे वाटते. दुसरे कारण त्याचे तीक्ष्ण नाक. मातीत मिसळलेल्या खताचा वास त्याला खाऊसारखा ओढून नेतो. खरा धोका आहे तो इथेच.

देशात एरंडीचे सर्वांत जास्त पीक आपल्या गुजरातमध्ये येते. बियांचे तेल काढल्यावर उरणारी पेंड, म्हणजे इथल्या दुकानांतली 'दिवेली खोळ', उत्तम नत्रयुक्त खत म्हणून विकली जाते. एरंडीच्या बीमध्ये रिसिन नावाचे जहाल विष असते. ते तेलात विरघळत नाही, त्यामुळे तेल निघून गेले तरी विष पेंडीतच राहते. पुरेशी उष्णता दिली तर ते निकामी होते, परंतु आपण आणलेल्या पेंडीवर ती प्रक्रिया झाली आहे की नाही, हे नुसते पाहून कळत नाही. झाडासाठी ही पेंड चांगली, पण कुत्र्याने ती खाल्ली तर जिवावर बेतू शकते. 'सेंद्रिय' म्हणजे 'निर्धोक' असे समजू नये.

तेव्हा घरात कुत्रा असेल तर एरंडीची पेंड आणूच नये. तिच्याऐवजी चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत वापरावे. तयार मिश्रखत घेताना त्यात काय काय आहे, हे दुकानदाराला विचारून घ्यावे. कोणतेही खत आणि कीटकनाशक झाकणाच्या डब्यात, उंचावर ठेवावे.

झाडे निवडतानाही थोडा विचार करावा. कण्हेर, पिवळी कण्हेर आणि सायकस ही दिसायला सुंदर, पण विषारी झाडे आहेत. कोरफडीनेही कुत्र्याला उलट्या-जुलाब होतात. गुलाब, मोगरा, अरेका पाम ही झाडे त्या मानाने बिनधास्त लावावीत.

आता खोड्यांवरचे उपाय. रागावून उकरणे थांबत नाही. सावलीच्या कोपऱ्यात एका जुन्या टबात वाळू भरून ती ओली ठेवा आणि तीत त्याचा चेंडू पुरा. ही जागा आपली, हे त्याला हळूहळू कळते. रोपाभोवती मातीवर मोठे गोटे मांडा, म्हणजे त्याला उकरता येणार नाही. कुत्र्याच्या मूत्रातील नत्रामुळे झाडाची पाने करपतात, म्हणून तिथे लगेच भरपूर पाणी ओता. त्याची विष्ठा मात्र भाजीच्या कुंडीत खत म्हणून कधीही घालू नका, तिच्यात जंतांची अंडी असू शकतात. मातीत काम केल्यावर साबणाने हात धुवा.

एवढे करूनही मोतीने पेंड खाल्लीच, तर लक्षणांची वाट पाहू नका. उलट्या, रक्ताचे जुलाब, मलूलपणा ही लक्षणे काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनीही दिसतात. या विषावर उतारा नाही, त्यामुळे लवकर उपचार हाच आधार. मिठाचे पाणी पाजून घरीच उलटी करवू नका. खताची पिशवी बरोबर घेऊन ताबडतोब पशुवैद्याकडे जा.

विश्वस्तांनाही एक विनंती. शाळेच्या बागेत लहान मुले खेळतात आणि रस्त्यावरची कुत्रीही येतात. तिथे येणाऱ्या खताच्या पिशवीवरही अशीच नजर असावी.

मित्रांनो, येत्या रविवारी एक काम करा. आई-बाबांना सोबत घेऊन घरातल्या खताच्या पिशवीवर काय लिहिले आहे ते वाचा. मोतीला वाचता येत नाही. ते काम आपले.