बोली आणि पारख

अमेरिकी फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा संघाचा सेनापती. चेंडू कोणाकडे फेकावा, हे क्षणार्धात त्यालाच ठरवावे लागते. म्हणूनच त्याच्यासाठी संघचालक वाटेल ती किंमत मोजतात. २०२१ साली नवोदितांच्या वार्षिक निवडीत बाराव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर येण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने पुढील दोन वर्षांचे पहिल्या फेरीतील हक्कही मायामीला देऊन टाकले आणि ट्रे लान्सला घेतले. त्याला आरंभापासून खेळण्याची संधी अवघ्या चार सामन्यांत मिळाली. पुढे घोट्याला गंभीर दुखापत झाली आणि २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका हक्काच्या बदल्यात त्याची रवानगी डॅलसला झाली.

तोवर त्याची जागा ब्रॉक पर्डीने घेतली होती. २०२२ च्या निवडीत तो २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा! फेब्रुवारी २०२४ मध्ये हाच संघ त्याच्या नेतृत्वाखाली अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. २०२५ मध्ये त्याच्याशी पाच वर्षांचा, २६.५ कोटी डॉलरांपर्यंतचा करार झाला.

निवडीचा क्रमांक म्हणजे गुणवत्ता नव्हे, हा यातील उघड धडा. परंतु दुसराही आहे. लान्सने आपली किंमत स्वतः ठरवली नव्हती. पारख चुकली ती चालकांची. अपयशाचा शिक्का मात्र त्या तरुणाच्या कपाळी बसला. आता मोठ्या किमतीचे तेच ओझे पर्डीच्या खांद्यावर आले आहे.