शिकवणी कर्जाच्या टेबलावर

पतसंस्थेची वार्षिक सभा कशी होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. हजेरीची सही, अहवालाचं वाचन, 'मंजूर, मंजूर', मग अल्पोपाहार. सभासदांना सहकाराचं शिक्षण देणं ही तर कायद्याने घातलेली जबाबदारी आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१३च्या दुरुस्तीने कलम २४-अ आलं ते त्यासाठीच. पण एखाद्या व्याख्यानावर ते उरकलं जातं. माझ्या मते हे शिक्षण कर्जाचा अर्ज भरतानाच मिळायला हवं. त्या वेळी माणूस मन लावून ऐकतो.

समजा, सभासदाला तीन वर्षांसाठी एक लाख हवेत. बाहेरचा फायनान्सवाला 'बारा टक्के फ्लॅट' म्हणतो, संस्थाही बाराच टक्के म्हणते. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटतं. फ्लॅट दराने हप्ता बसतो सुमारे ३,७७८ रुपये, एकूण व्याज ३६,०००. तोच दर घटत्या शिलकीवर लावला, तर हप्ता ३,३२१ आणि व्याज साधारण १९,६००. म्हणजे फ्लॅटचे बारा टक्के प्रत्यक्षात २१ टक्क्यांच्या पुढे जातात. क्लार्कने अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एवढा हिशेब मांडून दाखवला, की सभासद पुढे प्रत्येक कर्जाच्या वेळी 'व्याज कशावर?' हे स्वतःहून विचारतो. आणि संस्थाच फ्लॅट दराने कर्ज देत असेल, तर तिने हा हिशेब आधी स्वतःच्या दराचा मांडावा.

जामीनदाराचंही तसंच. 'सही कर रे, नुसती फॉर्मॅलिटी आहे,' असं म्हणत मित्राला आणलेलं असतं. त्याला बाजूला बसवून सांगायला हवं, की करारात वेगळं काही ठरलं नसेल तर त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे. कलम १०१खाली वसुलीचा दाखला निघाला, तर त्यात त्याचंही नाव येऊ शकतं.

पगारदारांच्या संस्थेसमोर तर पगारपत्रकच असतं. कपातीनंतर घरखर्चाला किती उरतं, हे मंजुरीआधी विचारलं नाही तर तो सभासद पुढे सावकाराकडे जातो.

ठेवीदाराशीही संस्थेने खरं बोलावं. बँकेतल्या ठेवीला असलेलं पाच लाखांचं विमा संरक्षण पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. म्हणून पावती देतानाच ताळेबंद दाखवावा आणि त्यातली थकबाकी कुठे पाहायची, तेही सांगावं.