तापलेल्या बीटलची नाडी

जानेवारी 2023मध्ये बडोद्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचं मोठं प्रदर्शन भरलं. चकाकत्या गाड्यांवर भरपूर लिहून झालं. संपादकांना हवं होतं ते अशा गाड्या चालत्या ठेवणाऱ्या हातांबद्दल. म्हणून रावपुऱ्यात, 1896च्या चिमणाबाई टॉवरमागच्या गल्लीतलं गॅरेज गाठलं. तिथे फोक्सवॅगन बीटल उभी होती. तक्रार एकच : गरम होते.

फर्डिनांड पोर्शे यांनी आखलेली ही गाडी जुलै 2003पर्यंत बनत होती. एकूण सुमारे 2 कोटी 15 लाख. इंजिन मागे, चार सिलिंडर आडवे, पाणी नाही, रेडिएटर नाही. डायनामोच्याच शाफ्टवरचा पंखा पत्र्याच्या कव्हरमधून सिलिंडरच्या फिन्सवर हवा ढकलतो. तापमान दाखवणारा काटाही नाही. त्यामुळे ताप ओळखायचा तो लक्षणांवरून.

गॅरेजच्या मिस्त्रींनी पान्याला हात लावण्याआधी मालकाला विचारलं, “साहेब, हायवेवर तापते की गावात?”

“गावात, काका. सिग्नलला उभी राहिली की ऑइलचा दिवा लुकलुकतो.”

तापलेलं ऑइल पातळ होतं, मंद चालीत दाब पडतो, म्हणून तो दिवा. त्यांनी डिपस्टिक पाहिली. या इंजिनात ऑइल जेमतेम अडीच लिटर, अर्धा लिटर कमी झालं तरी महागात पडतं. मग अंगठ्याने पंख्याचा पट्टा दाबला. तो साधारण 15 मिलिमीटर दबायला हवा. हा बराच ढिला. पुलीचे दोन अर्ध उघडले, मधला एक वॉशर काढून बाहेरच्या बाजूला घातला आणि नट आवळला. वॉशर कमी झाला की पुलीची खाच अरुंद होते, पट्टा वर चढून ताणला जातो. काढलेला वॉशर पुलीवरच राहतो, हरवत नाही. इतकी शहाणी रचना मी क्वचितच पाहिली आहे.

पण मिस्त्रींचं समाधान झालं नव्हतं. प्लग काढले. तीन नंबरचा बाकीच्यांपेक्षा पांढरट. जुन्या इंजिनात ऑइल कूलर पंख्याच्या कव्हरमध्येच, तीन नंबरच्या हवेच्या वाटेत उभा असतो. त्या सिलिंडरला उरलीसुरली हवा मिळते. तिथला एग्झॉस्ट व्हॉल्व्ह सगळ्यात आधी जळतो, म्हणून इंजिन थंड असताना टॅपेटची फट 0.15 मिलिमीटरवर तपासायची, कमी ठेवायची नाही. टायमिंगही पाहिलं, ते बरोबर निघालं.

शेवटी गाडीखाली बॅटरी धरली आणि खरं दुखणं दिसलं. सिलिंडरांना खालून कवेत घेणारे पत्रे गायब. कुणीतरी पूर्वी इंजिन उतरवलं आणि ‘आपल्याकडे उन्हाळ्यात काय करायचेत’ म्हणून परत बसवलेच नव्हते. पत्रा नसला की हवा सिलिंडरला वळसा न घालता सरळ निसटते, खालची बाजू भाजत राहते. इंजिनाभोवतीचं रबरही फाटलेलं, त्यामुळे खालची तापलेली हवाच पंखा पुन्हा ओढत होता.

इथून पुढे अडचणीच अडचणी. मूळ पत्रे सहज मिळत नाहीत. स्थानिक कारागिराने ठोकून दिलेला पत्रा नीट बसला नाही तर फटीतून हवा गळते. बडोद्यात उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि रावपुऱ्याच्या गर्दीत गाडी उभी राहिली की इंजिनाबरोबर पंखाही मंदावतो. नव्या गाड्यांवर तयार झालेल्या पोरांना संगणकावर कोड वाचायची सवय. इथे कोड देणारं काही नाही. मिस्त्रींनंतर हे कोण बघणार, याची मला खरोखर काळजी वाटते.

घरी अशी गाडी असेल तर दोन गोष्टी पाळा. धावताना डायनामोचा लाल दिवा लागला तर तिथल्या तिथे थांबा, पट्टा तुटला असेल तर पंखाही थांबलेला असतो. आणि इंजिन उतरवलं, तर निघालेला प्रत्येक पत्रा मोजून परत बसवून घ्या.