विजेचा दर आणि नागरिक

जळगाव जिल्ह्यात दीपनगर येथे कोळशापासून, तर धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण केली जाते. विजेमुळे विहिरीचे पाणी केळीच्या बागेस मिळते व घरोघरी दिवे लागतात. मग तिचा दर कोणी ठरवावयाचा?

२००३ च्या विद्युत कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात हे काम विद्युत नियामक आयोगाचे आहे. वीज कंपनीस दराचा प्रस्ताव प्रथम प्रसिद्ध करावा लागतो. त्यावर शेतकरी असो वा कारखानदार, कोणीही सूचना अथवा हरकत पाठवू शकतो. त्यांचा विचार केल्यावाचून आयोगास निर्णय देता येत नाही.

प्रत्येक मागणी मान्य होतेच असे नाही; परंतु जो मुदतीत बोलतच नाही, त्याची अडचण आयोगास कळणार कशी? वेळेवर मत मांडणे हेही नागरिकाचे कर्तव्यच होय.