भोपाळचा बटवा

परमुलखातून माणूस घरी परतला की मुले प्रथम त्याच्या तोंडाकडे नव्हे, त्याच्या पिशवीकडे पाहतात. मोठ्यांचीही गत फारशी निराळी नसते. तीन दिवसांच्या कामासाठी मला भोपाळला जावयाचे आहे असे कळताच आमच्या धर्मग्रामातील भगिनींनी मागणी नोंदवून टाकली : "फादर, येताना तिकडचे जरीचे बटवे आणा. आणि हो, जरा भाव पाडून घ्या!"

मुंबईहून संध्याकाळी निघालेली पंजाब मेल नाशिक, भुसावळ, खांडवा मागे टाकीत, इटारसीपुढे नर्मदा ओलांडून सकाळी भोपाळास पोचते. स्थानकाबाहेर पाऊल टाकताच न्याहारी समोर उभी असते : पोहे आणि जिलेबी. आपले पोहे ओल्या खोबऱ्याचे आणि मिरचीचे. तिकडचे वाफाळलेले, किंचित गोडसर, त्यांत बडीशेप आणि वर शेवेचा थर. त्याच्याच जोडीला पाकात निथळणारी जिलेबी. ही दोघे एका न्याहारीत नांदणार कशी, अशी शंका येते. पण नांदतात, आणि कित्येक संसारांपेक्षा बरी नांदतात. जुन्या शहरात चहासुद्धा निराळा. दुधाच्या चहात चिमूटभर मीठ! पहिल्या घोटास जीभ बिचकते, तिसऱ्या घोटास ती रुळते.

जुने शहर चौक बाजाराभोवती वसले आहे. मध्ये कुदसिया बेगम यांनी बांधविलेली जामा मशीद, आणि चहूकडे कापड, चांदी, अत्तर, पानसुपारी यांच्या दुकानांच्या गल्ल्या. १८१९ ते १९२६ या काळात या संस्थानाचा कारभार बहुतांशी चार बेगमांच्या हाती होता, हे आपल्या भगिनींनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आपल्या धर्माचा धागाही या दरबारात गुंफलेला होता. मूळचे फ्रेंच म्हणविणारे बूर्बों हे कॅथॉलिक घराणे भोपाळच्या सेवेत मोठ्या पदास चढले, आणि त्यांच्याच आश्रयाने १९ व्या शतकात जहांगिराबाद भागात आपले मंदिर उभे राहिले. १९६३ साली भोपाळ महाधर्मप्रांत झाला, तेव्हा पहिले महागुरुस्वामी म्हणून युजीन डिसोझा आले, ते आपल्या नागपुराहून.

मी बाजारात गेलो तो दिवस शुक्रवार. इब्राहिमपुऱ्याकडच्या चटोरी गल्लीत कबाबांचा धूर नाकाशी झोंबत होता, परंतु मला मांस वर्ज्य. तसे सांगताच दुकानदाराने आग्रह तर केला नाहीच, उलट "शुक्रवार आमचाही मोठा" असे म्हणून शाही तुकड्याची बशी पुढे सरकविली. उपवासाच्या मानाने हा पदार्थ अंमळ अधिकच शाही होता, हे कबूल केले पाहिजे.

आता बटव्याकडे वळू. आपल्या आजीच्या कमरेला चंची असे, तिचेच हे दरबारी भावंड. पानसुपारी नि वेलदोडे ठेवावयाची ही पिशवी, तोंडाशी ओढावयाची दोरी, दोरीला गोंडे. मखमलीवर जरीची वेलबुट्टी. लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवितात. तिला अड्डा म्हणतात. कारागीर त्याच्या कडेस जमिनीवर बसतात आणि वाकून टाका टाका घालतात. पुष्कळसे काम बायका घरीच करतात, आणि ते डोळ्यांचे तेल जाळणारे काम आहे.

दुकानात माझ्याशेजारी एक गिऱ्हाईक घासाघीस करीत होते. चारशेच्या बटव्याचे दीडशे देऊ केले. वृद्ध दुकानदार रागावला नाही. त्याने बटवा उलटा केला आणि बोटे मोडीत सांगितले : "मखमल, अस्तर, जरी, गोंडे आणि शिवणाऱ्या बाईची मजुरी. कापडवाला मला एक पैसा सोडीत नाही, सुरतेचा जरीवालाही सोडीत नाही. साहेब, तुम्ही जे कमी कराल, ते या पाचव्या बोटातून जाईल."

आपण बागायतदार माणसे. पहाटे फुलांच्या नि भाजीच्या पाट्या मुंबईच्या बाजारात उतरतात, तेव्हा व्यापारी भाव पाडतो. खताचा भाव पडत नाही, गाडीभाडे पडत नाही. मग पडते ते काय, हे तुम्हांस मी सांगावयास नको. गरजेपोटी मजुराने कमी वेतनास रुकार दिला, तरी तो जबरीचाच रुकार होय, असे पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या आपल्या 'रेरूम नोव्हारुम' या परिपत्रात लिहून ठेविले आहे. ते कारखान्यांविषयी लिहीत होते. बटव्याच्या दुकानातही ते तितकेच खरे ठरते.

आणि घासाघीस म्हणजे काय, हे या शहराइतके कोणास ठाऊक असेल? १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि जुन्या शहराच्या वस्त्यांवर पसरला. हजारो माणसे मेली. जी वाचली त्यांपैकी अनेकांची छाती कायमची अधू झाली. सरकारने ३३० कोटी डॉलर मागितले होते. १९८९ साली तडजोड झाली ती ४७ कोटींवर. अधिक भरपाईसाठी केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली फेटाळला. श्वास गमावलेल्या माणसाला अवजड काम उरत नाही. बसल्या जागी सुई चालविणे तेवढे उरते.

मी सात बटवे घेतले, सांगितलेल्या भावाने. कोणी वाचक तिकडे गेल्यास त्यांनी बटवा आतून अवश्य पाहावा : हाताच्या कामात टाके थोडे पुढेमागे असतात, यंत्राचे एकसारखे निघतात. बोलाचाली नको वाटत असेल तर राज्य सरकारचे 'मृगनयनी' हे विक्रीकेंद्र आहे. तेथे भाव ठरलेला असतो, आणि चंदेरी व माहेश्वरी लुगडीही मिळतात. लुगड्यांस मात्र खिसा खोल हवा.